पाण्यात उभे राहूनही

नागपूरच्या माणसाने बोटीच्या मोटारीविषयी लिहावे, हे थोडे विचित्रच आहे. देशाचा मध्य म्हणून दाखवला जाणारा झीरो माइलचा स्तंभ आमच्या गावात. समुद्र आम्हांला भेटतो तो शाळेच्या नकाशात. पण पाण्याने गार राहणे म्हणजे काय, हे नागपूरकराला शिकवावे लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे सरकला की आमच्या घरातली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती म्हणजे कूलरच्या तळाशी बसलेला तो मूठभर पंप. टाकी काठोकाठ भरलेली असो, वाळा नवा कोरा असो. पंप अडला की पंखा नुसत्या झळा फेकतो आणि घरातली माणसे एकमेकांवर खेकसू लागतात. टाकीतले पाणी आणि वाळा यांच्यात अंतर हातभराचेच. पण तेवढे अंतर पाण्याला कुणीतरी चढवून न्यावे लागते.

आउटबोर्ड मोटारीची गोष्ट अशीच आहे. ही मोटार नावेच्या पाठीला टांगलेली असते, पाय पाण्यात सोडून. अशा यंत्राला उष्णतेचे भय कशाला, असे कुणालाही वाटेल. परंतु जळण होते ते वर, पाण्याबाहेर. खालचे पाणी पोकळ पायातून वर नेण्याचे काम दोन बोटांत मावणारी एक रबरी फिरकी करते. ती थकली, तर भर तलावात, चहूकडे पाणीच पाणी असताना, इंजिन तापून जाम होते.

ओले एव्हिनरूड नावाच्या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ साली अमेरिकेत अशी मोटार बाजारात आणली. सांगतात, की तो उन्हाळ्यात एका सरोवरावर वनभोजनाला गेला होता. प्रेयसीला आइस्क्रीम हवे झाले, म्हणून त्याने वल्ही मारीत ते पलीकडून आणले. पोचेपर्यंत ते वितळून गेले. म्हणजे या यंत्राच्या जन्माशीही उकाड्याचा संबंध आहेच!

आमच्या घरातली मोटार जॉन्सनची, तीन अश्वशक्तीची, १९५०च्या दशकातली. माझ्या थोरल्या बंधूंनी, दादांनी, ती तरुणपणी कुणाकडून तरी जुनी म्हणून घेतली आणि रामटेकजवळच्या खिंडसीवर मासे धरायला ते ती नेत असत. तिला उलटा गिअर नाही. मागे यायचे तर अख्खी मोटारच फिरवून तिचे तोंड उलटे करायचे. पुढे नोकरी आली, संसार आला, आणि मोटार पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेली. २०२२ साली वहिनी गेल्या. त्यानंतर दादा घरात असत, पण असून नसल्यासारखे. सुना, नातवंडे, येणारेजाणारे, घर कसे भरलेले. कुणी विचारले तर ते उत्तर देत. आपण होऊन एक शब्द नाही.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी ओसंडला, नाग नदीने पात्र सोडले आणि काठच्या वस्त्यांतून पाणी घुसले. पाण्याला नुसती जागा पुरत नाही, वाटही लागते, हे शहराला त्या रात्री कळले. सकाळी माणसांना बाहेर काढायला रस्त्यांवरून बोटी फिरत होत्या. आमच्या दारापर्यंत पाणी आले नव्हते. दादा टीव्हीवर त्या बोटींकडे बराच वेळ पाहत राहिले आणि एकदम म्हणाले, "आपली मोटार काढ रे माळ्यावरून."

बोलावले ते आमच्या कूलरच्या मिस्त्रींना. बोटीची मोटार त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. "पंप तं पंपच असते नं जी," म्हणून त्यांनी बैठक मारली. गंजलेल्या स्क्रूंना रॉकेल पाजण्यातच पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी खालचा गिअरचा डबा सुटला आणि पंपाचे झाकण निघाले.

या पंपाची खुबी त्याच्या तिरकेपणात आहे. फिरकी ज्या वाटीत फिरते, त्या वाटीच्या नेमक्या मध्यावर तिचा दांडा नसतो. तो एका बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे रबरी पाती एका बाजूला दुमडतात नि दुसऱ्या बाजूला उलगडतात. उलगडताना पाणी आत ओढले जाते, दुमडताना पुढे ढकलले जाते. पण मोटार थांबली की अरुंद बाजूची पाती दुमडलेलीच राहतात. आणि वर्षानुवर्षे थांबली, तर तशीच आखडून बसतात. आमची फिरकी चिंचोक्यासारखी टणक झाली होती. मिस्त्री ती बोटांत फिरवीत म्हणाले, "काकाजी, हे रबर चालून नाही मेलं. बसून बसून मेलं."

दादा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "पाती मोजा."

सहांपैकी चारच होती. "तुटलेली दोन आतच असणार. नवी फिरकी घालाल आणि जुना तुकडा वाटेत अडकलेला असेल, तर पाणी तिथंच थांबेल." एक तुकडा वाटीच्या तोंडाशी सापडला. दुसऱ्यासाठी मिस्त्रींनी तारा घातल्या, मी नळी आपटली. काही हाती लागेना. शेवटी दादांनी ती नळी मागून घेतली, तोंडाला लावली नि गाल फुगवून फुंकर मारली. तुकडा टणकन उडून परातीत पडला. धाकटी नात टाळ्या पिटू लागली.

नव्या फिरकीसाठी दिवाळीपर्यंत थांबावे लागले. जॉन्सनच्या मोटारी आता निघत नाहीत, एव्हिनरूडचे उत्पादनही २०२० मध्ये थांबले. पण दुसरे कारखाने हे रबर अजून बनवतात. अमेरिकेतल्या भाच्याने ते बदामांच्या पाकिटाशेजारी ठेवून आणले. मिस्त्री वंगण लावणार, तोच दादांनी हात धरला. खनिज तेलाने रबर बिघडू शकते. साबणाचे पाणी पुरे. मग दांड्यावरची लहानशी चावी बसवली आणि दांडा ज्या दिशेने फिरतो तिकडे फिरकी वळवत वळवत आत सरकवली, म्हणजे पाती योग्य बाजूला झुकतात. कोरडी मात्र ती क्षणभरही चालवायची नाही. पाणी हेच तिचे वंगण. त्यावाचून रबर पाहता पाहता जळते.

अंगणात पाण्याने भरलेल्या पिंपाला मोटार टांगली. सातव्या हिसक्याला ती धूर सोडीत फुटली. सगळी आळी गोळा झाली. नव्या मोटारींना पाणी फिरते की नाही हे दाखवणारी वेगळी धार असते, हिला नाही. हिच्या पायामागच्या भोकातून धुराबरोबर तुषार येतात, ते पाहायचे. लोक आवाजाकडे पाहत होते, दादा त्या भोकाकडे. तुषार उडाले. त्यांनी सिलिंडरवर तळहात ठेवला नि तो तिथेच राहू दिला.

मोटार बंद केल्यावर ते म्हणाले, "दर पंधरा दिवसांनी पाच मिनिटं चालवायची. नाहीतर पुन्हा आखडेल."

पहिल्या खेपेचे पिंप मी भरले. दुसऱ्या खेपेला सकाळी उठून अंगणात आलो, तर दादांनी ते आधीच भरून ठेवले होते, आणि फाटकाशी उभे राहून ते शेजाऱ्यांना हाका मारीत होते.