घोडा, बुलेट आणि मुक्काम

ठाण्याच्या बंदरात एकेकाळी घोड्यांसाठी चाचेगिरी चाले. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने इथल्या राजाबद्दल लिहून ठेवलं आहे. राजाकडे स्वतःचे घोडे नव्हते आणि परदेशातून हिंदुस्थानकडे घोड्यांची जहाजं तर सारखी येत होती. मग त्याने चाच्यांशी करारच केला. लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल तुमचा. सोन्यानाण्यावर पाणी सोडून राजाने घोडा मागून घेतला, एवढी त्या जनावराची किंमत होती.

कल्याणची गोष्ट त्याहून जुनी. सातवाहनांच्या काळात या बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून नाणेघाट चढून जुन्नरला जायचा. घाटमाथ्यावर जकातीचा दगडी रांजण अजून उभा आहे. शेजारच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे आणि त्यात अश्वमेधांची आणि दानात दिलेल्या घोड्यांची नोंद आहे. आमच्या या खाडीकाठच्या गावांना सह्याद्री चढायची ओढ आजची नाही. दोन हजार वर्षांत वाहनं बदलली, डोंगर तोच राहिला.

माझ्या वाट्याला घोडा आला माथेरानमध्ये. 1850 मध्ये ह्यू मॅलेट नावाच्या ठाण्याच्या कलेक्टरने ही जागा हेरली आणि पुढे तिथे मोटारींना बंदी राहिली, त्यामुळे डोंबिवलीच्या मुलाला घोड्यावर बसायचं तर लोकल पकडून नेरळ गाठायचं आणि डोंगर चढायचा, हाच जवळचा रस्ता होता. तिथल्या घोडेवाल्याने मला पहिला धडा दिला तो उतारावर. "लगाम ढिला सोड. मागं रेल. वाट त्याला ठाव हाय." तांबड्या मातीत जांभ्याचे खडे सुटे झालेले होते. घोडा थांबला, कान पुढे टवकारले, नाक खाली नेऊन त्याने जमीन हुंगली आणि एक पाऊल बाजूला सरकून दुसऱ्याच बाजूने उतरला. मी टाच मारली असती तरी तो त्या जागी पाय टाकणार नव्हता.

पुढे बुलेट आली. जुनी, ओतीव लोखंडाच्या इंजिनाची, उजव्या पायात गिअर असलेली. ती सुरू करणं हा एक संस्कारच होता. किक हळूहळू दाबत अँमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेसर दाबून किक जराशी पुढे ढकलायची, पाय वर घ्यायचा आणि मग सगळं वजन टाकून एकच किक. काटा चुकला तर पोटरीला झटका ठरलेला. पहाटे अशी ती धडधडायला लागली की डोंबिवलीच्या फडके रोडवरची दुधाची गाडी आली की नाही हे बघायलाही थांबायचो नाही. शहाड, रायते, गोवेली, मुरबाड, टोकावडे आणि मग माळशेज. पावसात धुकं हेल्मेटच्या काचेच्या आत शिरायचं. कडेचं पाणी थेट अंगावर यायचं. शेवाळलेल्या वळणावर पुढचं चाक जरा हललं की हातांना आधी कळायचं आणि डोक्याला नंतर. डोंगर किती जवळ येऊ शकतो ते मला बुलेटने शिकवलं.

पण मोटारसायकलवर मुक्काम होत नाही. पाठीवर बांधलेलं ओझं, ओले मोजे, अंधार पडायच्या आत घर गाठायची घाई. आणि मागच्या सीटवर एकच जण. आईचे गुडघे धरले होते. मी डोंगरातून परतलो की ती विचारायची, "आज काय पाहिलंस?" मी सांगत राहायचो. जन्म सगळा कल्याण-डोंबिवलीत गेलेल्या त्या बाईने मुरबाडच्या पलीकडचा सह्याद्री फक्त माझ्या तोंडून ऐकला होता. हे मला अस्वस्थ करत गेलं. माझीही पाठ बोलायला लागली होती. घोड्यावरची रपेट केव्हाच सुटली होती, आता बुलेटही विकली, त्यात थोडी भर घातली आणि चारही चाकांना जोर देणारी जुनी गाडी घरी आणली. एकदाचं गंगेत घोडं न्हालं.

गाडीत कायमचा पलंग ठोकायचा तर आरटीओची परवानगी लागते. म्हणून सुताराकडून काढता-घालता येणारी फळी करून घेतली, वर कापसाची गादी, खाली पाण्याचे कॅन, शेगडी आणि घोंगडी. 2021 मध्ये आपल्या राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आतच न्हाणीघर आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या मोठ्या गाड्या आता भाड्यानेही मिळतात. आमची गाडी तेवढी राजेशाही नाही. पण तिच्या गादीवर आई पाय लांब करून झोपू शकते आणि मला एवढंच हवं होतं.

अशा गाडीतली चालवण्याची मजा वेगाची नसते. भातकापणीनंतरची बैलगाडीची वाट समोर आहे, मध्ये ओढ्याचा चिखल आहे. आधी खाली उतरायचं, चपला काढून चिखलात चालून बघायचं, खाली दगड लागतो की पाय रुततच जातो. टायरमधली थोडी हवा सोडायची, म्हणजे टायर पसरतो आणि जमीन धरतो. मुख्य गिअरशेजारचा छोटा दांडा ओढून लो रेंज लावायची. मग गाडी रांगते. चालणाऱ्या माणसाहूनही हळू. उतारावर ब्रेकवर पाय ठेवायचा नाही, पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं. त्या क्षणी मला दरवेळी माथेरानचा तो घोडेवाला आठवतो. लगाम ढिला सोड, म्हणाला होता.

एकदा नाणेघाटाच्या पायथ्याशी, वैशाखरेच्या अलीकडे एका शेतकऱ्याला विचारलं, "काका, रात्री इथं गाडी लावली तर चालेल का? आई आहे बरोबर." त्यांनी आधी गाडीत डोकावून आईकडे पाहिलं. "लावा की. पन त्या खाचरात नको, वाल पेरलाय." थोड्या वेळाने त्यांच्या घरून तांब्याभर दूध आलं. पहाटे मागचं दार उघडलं तेव्हा समोर नानाच्या अंगठ्याच्या कड्यामागे आभाळ तांबूस झालं होतं. आई गादीवर उशीला टेकून, घोंगडी पांघरून चहा पीत त्या कड्याकडे बघत होती. मी नाणेघाटाची वाट बोटाने दाखवली. "एवढ्या चढावरून बैल लादून न्यायचे?" तिने विचारलं, आणि मग बराच वेळ तिने मला काहीच विचारलं नाही. आता तिचं तीच बघत होती.

ऐषाराम म्हणून या गादीला नाक मुरडणारे भेटतात. दगडावर पाठ टेकून झोपलं तरच डोंगर कळतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. डोंगर हा फक्त धडधाकट तरुणांचा नाही. ज्यांचे गुडघे गेले, ज्यांच्या कडेवर तान्हं मूल आहे, त्यांनाही मोरोशीच्या भैरवगडावर चढणारं चांदणं बघायचा हक्क आहे आणि त्यासाठी मऊ गादी लागत असेल तर ती खुशाल न्यावी.

काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. घोडा नको तिथे पाय टाकत नाही. मोटारसायकल नको तिथे नेली की आडवी होते. ही गाडी मात्र नाही म्हणत नाही. 2020 मध्ये आलेली नवी थार साडेसहाशे मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते असं तिची कंपनीच सांगते. तुम्ही पायाने दाबाल तिथे ती चढते. भाद्रपदात फुलं आलेल्या कातळाच्या सड्यावर चढते, नुकत्याच लावलेल्या भाताच्या बांधावरही चढते. सड्यावरची माती बोटभर असते. तिच्यात चाकाची एक चाकोरी पडली की पुढच्या पावसाचं पाणी त्याच चाकोरीने धावतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथे घळ तयार होते. फुलं परत येत नाहीत. बांध फुटला तर एका घराचं वर्षाचं भात जातं. गाडीतला माणूस तोवर घरी पोचून व्हिडिओ बघत असतो.

अधिक ताकद आणि अधिक सोय हाताशी आली की जबाबदारी वाहनाकडून आपल्याकडे येते, असं माझं मत होत गेलं आहे. घोड्याकडे जी अक्कल उपजत होती, ती आता चालवणाऱ्याने आणायची. जंगल खात्याची पाटी असेल तिथे थांबायचं. पावसाळ्यात माळशेजमध्ये मनाई असेल तर फाट्यावरूनच परतायचं. जिथे आधीपासून बैलगाडीची वाट नाही, तिथे नवी वाट पाडायची नाही.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत ज्या बारवी धरणाचं पाणी नळाला येतं, त्याच्या काठची गावं आमच्यापासून दोन तासांवरही नाहीत. तरी आपल्यातल्या कितीतरी घरांतल्या म्हाताऱ्यांनी ती पाहिलेली नाहीत. तुमच्या दारात अशी गाडी उभी असेल तर पुढच्या शनिवारी मित्रांआधी आईवडिलांना विचारा. मुक्काम करायचा त्या शेताच्या मालकाला विचारा. कचऱ्याची पिशवी परत घेऊन या. आणि समोर हिरवा सडा दिसला की गाडी खाली लावा आणि पुढे पायी जा.