चौरस फुटाचा भाव

"सिल्वासात कार्पेट आहेत तरी कुठे गं?" मी हे काम धरायचं ठरवलं तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न हाच केला. विचारण्यासारखाच होता. जून ते सप्टेंबर इथे पाऊस असा कोसळतो की दारातलं पायपुसणंसुद्धा वाळत नाही, आणि घराघरात लाद्या नाहीतर कोबा. पण आमळी, पिपरिया, मसाट, रखोली, नरोली अशा सगळ्या बाजूंनी कारखाने पसरलेत आणि प्रत्येक कारखान्याला एक ऑफिस असतं. रिसेप्शन, मीटिंग रूम, मोठ्या साहेबांची केबिन, तिथे जमिनीवर कार्पेट. शिवाय रिसॉर्ट. गुजरातेत दारूबंदी, इथे नाही. त्यामुळे शनिवार-रविवार वापी-सुरतेकडच्या गाड्यांनी रिसॉर्ट भरून जातात. लग्नं, हळदी, कंपन्यांच्या पार्ट्या सगळं बँक्वेट हॉलमध्ये. सोमवारी सकाळी त्या हॉलचं कार्पेट कसं दिसतं हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण अशाच एका रिसॉर्टात मी हाउसकीपिंग सुपरवायझर होते.

ठाऊक नव्हतं ते काम मिळवायचं कसं. धाकट्या दिरांनी आणि मी मिळून एक जुनं मशीन घेतलं: गरम पाणी कार्पेटमध्ये फवारायचं आणि मळासकट लगेच ओढून घ्यायचं. मशीन आलं की कामं येतील असं आम्हाला वाटत होतं. पहिल्याच कारखान्यात, सूत बनवणाऱ्या एका कंपनीत, पर्चेस मॅनेजरनी खुर्चीवर बसायला सांगितलं, चहा मागवला आणि म्हणाले, "बेन, रेट बोलो."

मी अजून कार्पेट पाहिलंसुद्धा नव्हतं. किती जागा आहे विचारलं, तर सहा हजार चौरस फूट. मी तीन रुपये सांगितले. त्यांनी ड्रॉवरमधून एक कोटेशन काढून माझ्यापुढे सरकवलं. एक रुपया चौरस फूट, जीएसटी वेगळा. "आता तुम्हीच सांगा, मी वर काय उत्तर देऊ?"

मला काहीच सुचेना. एक रुपयात हे काम होतं कसं, हा प्रश्न मी घरी घेऊन आले आणि रात्री दीर आणि मी वही घेऊन बसलो. आमचं मशीन नीट चालवलं तर तासाला साडेतीनशे चौरस फूट होतात. म्हणजे सहा हजारांना सतरा तास, दोन रात्री. तीन माणसं. पगार, पीएफ, ईएसआय, रात्रीचं जेवण आणि घरी सोडायची गाडी धरून एका माणसाची एक रात्र सातशे रुपये. सहा रात्रींचे बेचाळीसशे. केमिकल नऊशे. मशीन न्यायला-आणायला टेम्पो, हजार. झाले सहा हजार एकशे. एक रुपयाच्या हिशोबात सहा हजारच मिळतात, आणि मशीनची झीज, मोटर जळली तर तिचा खर्च, माझा स्वतःचा वेळ यांतलं काहीच अजून धरलेलं नव्हतं.

मग तो माणूस जगतो कसा? त्याचं उत्तर मला खानवेल-दुधनीकडून कामाला येणाऱ्या बायकांकडून मिळालं. त्यातल्या दोघी आधी एका ठेकेदाराकडे होत्या. रात्रीचं काम केलं तरी हजेरी अर्ध्या दिवसाची, असं त्या सांगत होत्या. पीएफ म्हणून पैसे कापले जायचे, पण खात्याचा नंबर कधी हातात पडला नाही. "ताई, आम्ही विचारायचं कुणाला?" एक जण म्हणाली. आणि सतरा तासांचं काम तो ठेकेदार चार तासांत उरकायचा. फिरत्या ब्रशचं मशीन, बादलीभर शाम्पू, फेस करायचा, वरवर पुसायचा, निघायचं.

तो फेस मात्र निघत नाही. शाम्पूचा चिकट थर धाग्यांना धरून राहतो आणि त्यावर पुढच्या प्रत्येक बुटाची धूळ बसत जाते. पहिल्या दिवशी कार्पेट चकचकीत दिसतं, बिल पास होतं, आणि महिन्याभरात चालण्याच्या वाटेवर काळा पट्टा उमटतो. मग कार्पेटच हलकं होतं असं सगळे म्हणतात. एक रुपयाचा भाव कुठून निघतो ते मला तेव्हा कळलं. अर्धा त्या बायकांच्या हजेरीतून, अर्धा कार्पेटच्या आयुष्यातून. मला याचा राग आला, आणि तो राग अजून गेलेला नाही.

पण रागावून वर्क ऑर्डर मिळत नाही. मधले काही महिने कागदांत गेले. उद्यम नोंदणी, जीएसटी, पोलीस पडताळणी. आमची माणसं इतकी थोडी की कायद्याने पीएफची सक्ती आम्हाला नव्हती, पण कारखान्याच्या गेटवर चलन दाखवल्याशिवाय ठेकेदाराचा माणूस आत सोडत नाहीत, म्हणून आम्ही आपणहून पीएफ कोड घेतला. वापी इथून हाकेच्या अंतरावर, पण गुजरातेत, म्हणून तिथला ठेकेदार जीएसटीच्या हिशोबात परराज्यातला. त्याच्या बिलावर आयजीएसटी, आमच्या बिलावर सीजीएसटी आणि यूटीजीएसटी. बेरीज दोन्हीकडे अठरा टक्केच. सरकारी कामांसाठी जेम पोर्टल आहे, तिथे उद्यम नोंदणी असलेल्या लहान सेवादाराला बयाणा रक्कम भरावी लागत नाही, हे कळल्यावर मला फार धीर आला. पुढे तिथेही आधीच्या कामाचा अनुभव मागतात आणि सगळ्यांत कमी भावाला एल-वन म्हणतात, तेव्हा कळलं की भावाचं कोडं सुटल्याशिवाय कुठेही गत्यंतर नाही.

पुण्याच्या बीव्हीजी या कंपनीबद्दल मी त्याच सुमारास वाचलं. हणमंतराव गायकवाडांनी १९९७ साली टेल्कोच्या कारखान्यातल्या साफसफाईच्या कामापासून सुरुवात केली. एवढ्या मोठ्या कंपनीशी माझी तुलना नाही. पण कारखान्यातली सफाई हे डोकं लावून, यंत्रं लावून करायचं काम आहे असं एका मराठी माणसाने सिद्ध केलं, याचा मला आधार वाटला.

मग मी कार्पेट शिकायला लागले. ऑफिसातलं बहुतेक कार्पेट अखंड नसतं, पन्नास सेंटिमीटरच्या चौकोनी टाइल असतात. कोपऱ्यातून एक धागा काढून जाळला तर कळतं: वितळून कडक मणी झाला तर नायलॉन, पॉलिएस्टरसारखा कृत्रिम धागा, जळक्या केसांचा वास आला तर लोकर. लोकरीला तीव्र अल्कली चालत नाही. आणि मळ सगळीकडे सारखा नसतो. सूत कारखान्यात धाग्याला तेल लावतात. ते जमिनीवर उडतं, बुटाला लागतं, आणि शॉप फ्लोअरवरून ऑफिसात येणाऱ्या दारापाशी कार्पेटवर उतरतं. तो काळा डाग धुळीचा नाही, तेलाचा असतो. नुसत्या शाम्पूने तो पसरतो. तिथे तेल सोडवणारं केमिकल आधी मारून दहा मिनिटं थांबावं लागतं, मग गरम पाणी.

रिसॉर्टातली हळद हा आणखी वेगळा विषय. हळदीच्या कार्यक्रमानंतर पिवळे डाग राहतात आणि त्यांवर धुण्याची पावडर, सोडा असं काही टाकलं की ते लालभडक होतात. घाबरून माणूस आणखी सोडा टाकतो. आपल्याकडे हळदीला चुना लावून कुंकू करतात, तेच तिथे जमिनीवर होतं. एका बँक्वेट मॅनेजरसमोर मी तो लाल डाग आधी पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्याने पुन्हा पिवळा करून दाखवला, मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा हलका हात दिला आणि फडक्याने टिपत राहिले. घासलं नाही. तासाभरात डाग फिका झाला. पूर्ण गेला नव्हता. मी त्यांना तसं सांगितलं, उरलेला खिडकीतल्या उन्हाने हळूहळू उडेल असंही सांगितलं. ते वाकून बघत होते. म्हणाले, "आजवर कुणी डाग जाणार नाही असं सांगितलं नव्हतं, सगळे 'हो जायेगा' म्हणतात." सोमवार-मंगळवारच्या कामाचा करार तिथेच ठरला. भावाची घासाघीस झाली, पण एक रुपयाचं नाव निघालं नाही.

सूत कंपनीच्या ऑफिसात मी पुन्हा गेले ती या शिदोरीवर. या वेळी भाव सांगितला नाही, कार्पेट मोजायची परवानगी मागितली. पर्चेस मॅनेजरना नवल वाटलं, पण त्यांनी शिपाई बरोबर दिला. मोजलं तर सहा हजार नव्हतंच, चार हजार आठशेच्या आसपास भरलं. दोन केबिनमध्ये केव्हाच विनाइल आलं होतं. म्हणजे इतकी वर्षं कंपनी नसलेल्या कार्पेटचेही पैसे मोजत होती. मी जागेचे तीन भाग केले. दारापासून कॉपी मशीनपर्यंतची वाट, जिथे दिवसभर पाय पडतात. टेबलांमधली जागा. आणि केबिन, जिथे वर्षातून एकदा धुतलं तरी पुरे. सगळ्याला एकच भाव लावायचं कारणच नव्हतं.

डेमोसाठी त्यांनी २ ऑगस्ट दिली. आमच्याकडे तो मुक्तिदिन. १९५४ साली याच दिवशी सिल्वासा पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटलं. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे त्या लढ्यात होते, हे माझे सासरे दर वर्षी अभिमानाने सांगतात. ऑफिस बंद, म्हणून काम करायला मोकळीक. पण बाहेर धो धो पाऊस, आणि ओल्या हवेत कार्पेट वाळत नाही हीच खरी भीती. हळू वाळलं तर तळाशी राहिलेला मळ धाग्यातून वर चढतो आणि दुसऱ्या दिवशी डाग जिथल्या तिथे. आम्ही एसी ड्रायवर ठेवला, जमिनीलगत पंखे लावले, आणि पाणी मारण्याच्या एका फेरीला नुसतं पाणी ओढण्याच्या दोन फेऱ्या दिल्या.

त्याआधी अर्धा तास नुसतं व्हॅक्यूम. पर्चेस मॅनेजर स्वतः आले होते. त्यांना हा वेळ वाया जातोय असं वाटत होतं. मी व्हॅक्यूमची पिशवी वर्तमानपत्रावर झाडली. बारीक राखाडी रेती, मूठभर नव्हे, ओंजळभर. ही कोरडी रेती आधी न काढता पाणी मारलं तर तिचा चिखल होतो, आणि तशीच राहिली तर प्रत्येक पावलागणिक धागा कापते. ते काही बोलले नाहीत, खाली बसून बोटांनी ती चाचपत राहिले. मग दारापाशी मी तेलाने काळी पडलेली एक टाइल उचकटली आणि कपाटामागची न वापरलेली टाइल तिच्या जागी बसवली. टाइलचा हाच फायदा, जागा बदलत राहिलं की झीज सगळीकडे वाटली जाते. त्या ऑफिसात हे कधी कुणी केलेलं नव्हतं.

कोटेशन मी चार पानी दिलं. कुठल्या भागाला वर्षातून किती वेळा, किती माणसं, किती तास, त्यांचा पगार, पीएफ, ईएसआय वेगळ्या रकान्यात. शॉप फ्लोअरच्या दाराशी लांब पायपुसणी टाका, म्हणजे माझं काम कमी होईल आणि तुमचा खर्चही, हेही लिहिलं. दीर म्हणाले, "वहिनी, आपणच आपलं काम कमी करताय." पण दारातच मळ अडवणं हा कार्पेट राखण्याचा पहिला नियम आहे, तो लपवून मला काम नको होतं.

वर्षाची एकूण रक्कम एक रुपयावाल्यापेक्षा थोडी जास्तच आली. तो वर्षातून चार वेळा सगळं करणार होता, आम्ही वाटेला चार वेळा आणि केबिनला एकदा. मॅनेजरनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि त्यालाही फोन करून विचारलं: माणसं किती, तास किती, चलन दाखवाल का? त्याने दोन दिवसांत नवा भाव पाठवला, दोन रुपये चाळीस पैसे.

काम आम्हाला मिळालं, पण एका वर्षापुरतं. बिलाचे पैसे वेळेवर येतात, कारण लहान उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत दिले नाहीत तर प्राप्तिकर कायद्याखाली तो खर्च पैसे चुकते होईपर्यंत कंपनीला वजा मिळत नाही. अकाउंट्सवाल्यांनीच पहिल्या दिवशी माझा उद्यम नंबर मागून घेतला. त्या दोघी बायका आता आमच्याकडे आहेत. दोघींच्या फोनवर त्यांचा पीएफ नंबर आहे आणि दर महिन्याचा मेसेज त्या मला वाचून दाखवायला लावतात.

पुढच्या वर्षासाठी त्या कंपनीने निविदेचा नमुनाच बदललाय. माणसं, तास, वेतन आणि चलन हे रकाने आता प्रत्येकाला भरावे लागतात. वापीचे दोघे आणि तो एक रुपयावाला, तिघांनी अर्ज नेलेत. ते माझ्यापेक्षा मोठे आहेत, त्यांच्याकडे चार-चार मशीन आहेत, आणि हे रकाने त्यांनी खरे भरले तरी त्यांचा भाव माझ्यापेक्षा कमी येऊ शकतो. तेव्हा या आठवड्यात मी आणि दीर पुन्हा वही घेऊन बसतोय. तासाला साडेतीनशेचे चारशे चौरस फूट कसे होतील, हे आम्हाला शोधायचंय.