बाई, गडावर आता कोण राहतं?



आमची दांडी समुद्रकाठची. माझ्या वर्गातल्या मुलांना बोट, जाळं, भरती-ओहोटी न शिकवता येतं. डोंगरी किल्ला मात्र त्यांनी चौथीच्या पुस्तकातच पाहिलेला. दिवाळीच्या सुट्टीआधी पन्हाळ्याच्या वेढ्याचा पाठ चालू होता. एका मुलीने विचारलं, "बाई, गडावर आता कोण राहतं?" मी सहज बोलून गेले, "आता कोण राहणार? नुसते दगड उरलेत." आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळले.

सुट्टीत घरच्यांबरोबर पन्हाळ्याला गेले, आणि माझं उत्तर साफ चुकीचं निघालं.

कोल्हापूरपासून पन्हाळा साधारण वीस किलोमीटर. गाडी घाट चढून थेट तटाच्या आत जाते. उतरले तर समोर दुकानं, घरं, वाळत घातलेले कपडे. पन्हाळ्याला स्वतःची नगरपरिषद आहे! एका अंगणात मुलं दिवाळीचा मातीचा किल्ला करत होती. खऱ्या किल्ल्यात राहून किल्ला करणारी मुलं! मला हसू आलं, आणि वर्गातलं माझं वाक्य आठवून लाजही वाटली.

मग गड पाहिला. सगळंच सांगत बसत नाही, पण तीन जागा शिकवताना फार उपयोगी पडतील.

पहिली अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्यकोठारांची नावं. गंगा कोठी एवढी मोठी, की आत माणूस मुंगीएवढा वाटतो. सिद्दी जौहरचा वेढा 1660 मध्ये चार महिन्यांच्या आसपास चालला. एवढे दिवस गडावरची माणसं काय खात होती, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. उत्तर या कोठीत आहे.

दुसरी अंधारबाव. तीन मजली विहीर. तळाला पाणी, वर पहारेकऱ्यांची जागा आणि तटाबाहेर जायची वाट.

तिसरी राजदिंडी. 12 जुलै 1660 च्या पावसाळी रात्री महाराज याच वाटेने विशाळगडाकडे निघाले. बाजीप्रभूंबद्दल आपण भरभरून बोलतो. महाराजांचा वेश घेऊन शत्रूच्या हाती गेलेल्या शिवा काशिदांना मात्र मी दरवर्षी दोन वाक्यांत उरकत होते. गडावर दोघांचेही पुतळे आहेत. आणि मराठीच्या शिक्षकांनो, कवी मोरोपंतांचा जन्मही पन्हाळ्याचाच, 1729 सालचा.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात पन्हाळा आहे. चहाच्या टपरीवरच्या मावशींना मी म्हटलं, "अभिमान वाटत असेल ना?" त्या म्हणाल्या, "वाटतोय की. पण आधी लई भ्या वाटलं होतं. आमाला उठवत्यात काय म्हणून." यादीत नाव लागण्याआधी तिथल्या अनेकांना हीच धास्ती होती.

शाळा उघडल्यावर पहिल्या तासाला मी मुलांना सांगितलं, "त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. गडावर माणसं राहतात." फोटो दाखवले. मावशींची गोष्टही सांगितली. वर्ग शांत झाला. मग तीच मुलगी म्हणाली, "आमची आजी पोफरणची. त्यांना उठवलं होतं." अणुऊर्जा प्रकल्पासाठी पोफरण आणि अक्करपट्टी हलली, हे आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. "मग बाई, गडावरच्यांना उठवणार का?"

मी म्हटलं, "यादीत नाव आलं म्हणजे गाव रिकामं करायचं असं नसतं. इटलीत सान जिमिन्यानो नावाचं डोंगरावरचं जुनं गाव आहे. उंच दगडी मनोऱ्यांचं. ते 1990 पासून यादीत आहे, आणि लोक अजून तिथे राहतात." तिने मान डोलावली. पण पूर्ण पटलं असं काही चेहऱ्यावर दिसलं नाही. मीही जास्त ओढून धरलं नाही. ज्या घरात गाव सोडल्याची आठवण आहे, तिथे एका उदाहरणाने भीती जात नाही.

तेव्हा शिक्षकहो, किल्ला शिकवताना लढाईबरोबर धान्य, पाणी आणि राहणारी माणसंही शिकवूया. आणि पालकहो, पन्हाळा लांब पडत असेल तर आपला तारापूरचा किल्ला आहेच. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत जानेवारी 1739 मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. एका रविवारी मुलांना घेऊन जा. आजी-आजोबांनाही बरोबर न्या, आणि त्यांचं आधीचं गाव कोणतं होतं, ते मुलांनाच विचारू द्या.