लेहला जाताना पहिले दोन दिवस विश्रांतीचे

मे महिन्यात जयपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकू लागला, की शहराच्या वायव्येकडील झोटवाड्यात दुपारचे रस्ते ओस पडतात. औद्योगिक वसाहतीतल्या शेडचे पत्रे तापतात आणि घरोघरी खिडकीतले कूलर रात्रंदिवस घरघरत राहतात. मग थंड हवेच्या ठिकाणाचा विषय निघतो. पूर्वी तो माउंट अबूवर येऊन थांबत असे. आता मुले लेह-लडाखचे नाव घेतात. जयपूरहून दिल्ली गाठायची, तिथून जेमतेम सव्वा तासाचे विमान, की समोर बर्फाची शिखरे!

मात्र या प्रवासातला एक आकडा तिकिटावर छापलेला नसतो. झोटवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर उंचीवर आहे, तर लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर. एका दिवसात शरीर तीन किलोमीटर वर नेऊन ठेवले जाते. उंचीचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या पुढे जाणवू लागतो. राजस्थानातले सर्वांत उंच गुरुशिखर १,७२२ मीटरचे आणि महाराष्ट्रातले कळसूबाई १,६४६ मीटरचे. त्यामुळे जयपूरकर असोत वा पुणेकर, घराजवळच्या कोणत्याही डोंगरावर या त्रासाची ओळख झालेली नसते.

हवा तीच, दाब कमी

उंचावर हवेतला ऑक्सिजनचा वाटा कमी होतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो सगळीकडे सुमारे २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला हा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश भरतो, तर ५,३५९ मीटर उंचीच्या खारदुंगला खिंडीत जवळजवळ निम्मा. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर ऑक्सिजन कमी मिळतो. शरीर यावर उपाय करते. श्वास जलद होतो, लघवीचे प्रमाण वाढते, रक्तातही हळूहळू बदल होतात. पण याला काही दिवस लागतात. तेवढा वेळ दिला नाही, तर त्रास सुरू होतो.

जवानांकडून शिकावे असे

हा धडा भारतीय सैन्याने फार मोठी किंमत मोजून घेतला. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी जवानांना मैदानी भागातून घाईने हिमालयात न्यावे लागले आणि कित्येक जण उंचीमुळेच आजारी पडले. पुढे डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास केला. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेला तो निबंध जगभरच्या डॉक्टरांनी वाचला.

आज सैन्यात ९,००० ते १२,००० फुटांच्या पहिल्या टप्प्यासाठी सहा दिवस राखलेले असतात. पहिले दोन दिवस विश्रांती, पुढचे दोन दिवस सावकाश चालणे आणि शेवटचे दोन दिवस थोडी चढण. त्यापुढील प्रत्येक टप्प्याला आणखी चार-चार दिवस. जयपुरात २००५ पासून लष्कराच्या दक्षिण-पश्चिम कमांडचे मुख्यालय आहे आणि जवळच्या शेखावाटीतली मुले पिढ्यान् पिढ्या फौजेत जात आली आहेत. शेजारी एखादे निवृत्त सुभेदार राहत असतील, तर लेहला निघण्यापूर्वी त्यांच्याकडे चहाला जरूर जावे. धडधाकट तरुण जवानाला जिथे सहा दिवस लागतात, तिथे आजी-आजोबा आणि शाळकरी मुलांना घेऊन दुसऱ्याच दिवशी खारदुंगलाकडे निघणे कितपत शहाणपणाचे, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.

कार्यक्रम असा आखावा

विमानाने गेल्यास लेहमधले पहिले दोन दिवस, म्हणजे ४८ तास, पूर्ण विश्रांतीचे ठेवावेत. जिने धावत चढू नयेत, जड सामान उचलू नये. तिसऱ्या दिवशी शे, ठिकसे किंवा सिंधू-झंस्कार संगम पाहावा. त्यानंतर नुब्रा खोरे. वाटेत खारदुंगला लागते, पण तिथे पंधरा-वीस मिनिटांहून अधिक रेंगाळू नये. नुब्रातले दिस्कित लेहपेक्षाही कमी उंचीवर, सुमारे ३,१०० मीटरवर आहे. पँगाँग सरोवर ४,२०० मीटरहून उंच, म्हणून तिथला मुक्काम सर्वांत शेवटी.

दिवसा कुठवर चढलो, यापेक्षा रात्री कुठे झोपलो हे अधिक महत्त्वाचे. ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. रस्त्याने जायचे असेल तर श्रीनगर-कारगिल मार्ग बरा. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर, कारगिल सुमारे २,७०० मीटरवर, त्यामुळे शरीराला पायऱ्या मिळतात. मनालीच्या मार्गावर मात्र ४,२०० मीटरहून उंच सरचूला मुक्काम पडला, तर रात्र जड जाते.

डोकेदुखी अंगावर काढू नये

पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, थकवा, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. अशा वेळी आणखी वर जाऊ नये. बहुधा एक-दोन दिवसांत बरे वाटते. लहान मुलांना सांगता येत नाही. ती किरकिर करू लागली, खाईनाशी झाली, तर उंचीचाच संशय घ्यावा.

स्वस्थ बसूनही धाप लागणे, खोकला, गुलाबी फेसाळ थुंकी, निळसर ओठ ही फुप्फुसात पाणी झाल्याची चिन्हे. तोल जाणे, असंबद्ध बोलणे ही मेंदूला सूज आल्याची. रुग्णाला सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावून चालायला सांगावे. जमले नाही, तर सकाळची वाट न पाहता ऑक्सिजन देत खाली उतरवावे आणि रुग्णालय गाठावे. इथे उशीर झाला तर जीव जाऊ शकतो.

औषधे आणि समजुती

कापूर हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. तो पोटात गेल्यास लहान मुलांना विषारी ठरतो, म्हणून त्यांच्या हाती देऊ नये. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजेच डायमॉक्स, उपयोगी पडते, पण ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास तसे आधी सांगावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. हृदयविकार, दमा, सिकलसेल असलेल्यांनी आणि गर्भवतींनी तिकीट काढण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी. रोजचा व्यायाम चांगलाच, पण त्याने उंचीपासून संरक्षण मिळत नाही. उलट दम आहे म्हणून धावपळ करणारे तरुणच अनेकदा आधी आजारी पडतात.

सहलीचे पत्रक हाती आले, की हॉटेलची चित्रे पाहण्याआधी कोणती रात्र किती उंचीवर आहे, हे विचारून पेन्सिलीने लिहून काढावे. पहिल्या दोन रात्रींनंतर लगेच पँगाँग दिसले, तर कार्यक्रम बदलून घ्यावा किंवा रजा दोन दिवसांनी वाढवावी. रजा कमी असेल, तर लेह पुढच्या वर्षासाठी ठेवावे. यंदा श्रीनगरही तितकेच सुंदर आहे.