उजाड म्हटलेला उतार

पुणे शहराच्या ऐन वस्तीत समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीपर्यंत चढत गेलेल्या वेताळ टेकडीवर डिसेंबरच्या सकाळी येणाऱ्याला पायथ्याशी हुडहुडी भरते आणि माथ्यावर मात्र कानटोपी काढावीशी वाटते. कारण रात्री जमीन निवली की तिच्यालगतची थंड, जड हवा उतारावरून ओघळून सखल भागात साचते. उंचीबरोबर तापमान घटण्याऐवजी वाढण्याच्या या अवस्थेला तापमानाची विपरीतता म्हणतात, आणि खाली शहरावर बराच वेळ रेंगाळणारा धुके-धुराचा थर ही तिचीच खूण होय.

तरीही उन्हाने दगड तापू लागेपर्यंत कीटक फारसे हालत नाहीत, त्यामुळे कीटकभक्षी पक्षी पाहू इच्छिणारा काळोखातच टेकडी गाठण्याचा जो अट्टहास करतो, त्याचे श्रेय व्यायामाला द्यावे हे बरे. कोवळे ऊन पसरले की एखाद्या दगडावर थिरथिरा येऊन बसतो. चिमणीएवढ्या या पक्ष्याच्या नराचे डोके, पाठ व छाती काळपट, तर पोट आणि शेपटी विटकरी असते. मादी तपकिरी असली तरी तांबूस शेपटीवरून ओळखू येते. तो झटक्यात मान लववतो, शेपटी थरथरवतो, खाली झेपावून किडा टिपतो आणि पुन्हा उंचवट्यावर येऊन भोवतालची जमीन न्याहाळू लागतो. हिमालयाच्या उंच प्रदेशांत आणि मध्य आशियात वीण आटोपून इतका लांबचा पल्ला गाठणाऱ्या या पाहुण्याला येथे घनदाट अरण्य लागत नाही. उघडी जमीन, चार दगड आणि एखादे खुरटे झुडूप एवढ्यावर त्याचा हिवाळा निभतो.

असा उतार सरकारी आणि लोकांच्याही बोलीत ‘उजाड’ ठरतो, आणि पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी मोठ्या प्रमाणावर लावलेली ग्लिरिसिडिया, म्हणजे मध्य अमेरिकेतून आलेले आणि झपाट्याने वाढणारे गिरिपुष्प, याच समजुतीचे फळ आहे. फेब्रुवारीच्या सुमारास ते गुलाबी फुलते, हे खरेच देखणे असते. परंतु त्याच्या दाटीखाली गवताला ऊन मिळत नाही. गवत गेले की त्याच्या बियांवर येणाऱ्या मुनिया, ढेकळाच्या वा गवताच्या आडोशाला जमिनीवरच घरटे करणारा तुरेवाला चंडोल आणि झुडपांतून साद घालणारा तित्तर यांची जागाही आक्रसते. पिवळे पडलेले गवत मेलेले नसते; त्याच्या मुळांत आणि गळालेल्या बियांत पुढचा पावसाळा दडलेला असतो.

म्हणून वृक्षारोपणासाठी कुदळ घेऊन टेकडी चढणाऱ्या मंडळींनी तोच उतार आधी एकदा हिवाळ्यात, दुर्बीण घेऊन, ऊन वर येईपर्यंत पाहावा आणि मगच खड्डा कोठे खणायचा, किंबहुना खणायचा की नाही, हे ठरवावे.