परसांतले पाहुणे

आमच्या कोंकणांतल्या घराच्या परसांत विहिरीजवळ एक तांबडी जास्वंद आहे. तिच्या फुलांवर पूर्वीं दोघांचाच हक्क होता. एक देव्हाऱ्यांतला गणपति आणि दुसरा शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारा, चिमणीहूनहि लहान असा पक्षी. माझ्या हातीं कॅमेरा आला आणि मी तिसरी वांटेकरीण झालें.

पाखरांचीं छायाचित्रें घ्यावयाचीं म्हणजे त्यांच्यामागें धांवावयाचें, अशी माझी प्रथम समजूत होती. पंधरा दिवस धांवून हाताला लागलीं तीं केवळ हलणारीं पानें! मग ध्यानांत आलें, कीं पक्षी चंचल असला तरी फूल स्थिर आहे. आणि जेथें मध आहे तेथें पाहुणा पुन्हां पुन्हां यावयाचाच. तेव्हांपासून उन्हाकडे पाठ करून, एका फुलावर भिंग आधींच रोखून, मी मागील दाराच्या पायरीवर स्वस्थ बसूं लागलें. सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच वेळ उजेड आंत घ्यावा लागतो. नाहीं तर पंखांच्या जागीं नुसता धूर उमटतो.

या बैठकीनें किती गोष्टी दाखविल्या! नराच्या माथ्यावरचा हिरवा रंग सावलींत दिसतच नाहीं. ऊन नेमक्या कोनांत पडलें, कीं पाचूसारखा चमकतो. हा प्रताप रंगद्रव्याचा नसून पिसांच्या सूक्ष्म घडणीचा आहे. जास्वंदीकडे हे गृहस्थ पुष्कळदां पुढच्या दारानें जातच नाहींत. देंठाजवळ भोंक पाडून, परागाला न शिवतां, ते मध पळवितात. कुंपणावरच्या अडुळशाकडे येणारा काळा भुंगा मात्र प्रामाणिक. फुलाच्या खालच्या ओठावर उतरून तो आंत शिरला, कीं वरच्या ओठाखालचे पराग त्याच्या पाठीला लागतात, आणि ते घेऊनच तो पुढल्या फुलाकडे जातो. फुलाची घडण आणि पाहुण्याची जीभ यांचा मेळ मोठा विलक्षण असतो. मादागास्करांतील एका ऑर्किडची जवळजवळ फूटभर लांबीची मधुनलिका पाहून, तेवढ्या लांब सोंडेचा पतंग तेथें असलाच पाहिजे, असें डार्विनने १८६२ सालीं लिहिलें. तसा पतंग सांपडून त्याचें वर्णन १९०३ सालीं प्रसिद्ध झालें!

परंतु सासूबाई सकाळींच परडी घेऊन येत आणि जास्वंद रिती करीत. एके दिवशीं मीं चिडून म्हटलें, "सासूबाई, पाखरांना थोडीं ठेवा ना! देवाला एक फूल पुरत नाहीं का?" बोलतांच मीं जीभ चावली. त्या कांहींच बोलल्या नाहींत.

त्याच फाल्गुनांत लिंबाच्या फांदीला शिंजिराच्या मादीनें घरटें टांगलें. कोळ्याचीं जाळीं, काड्या, सालपटें यांची ती इवलीशी थैली. दारावर लहानशी पडवीसुद्धां! आंत दोन पिलें होतीं. समोरचीं तीनचार पानें आड येत होतीं. मीं तीं दोऱ्यानें मागें ओढून बांधलीं. चित्र अप्रतिम आलें. मादीच्या चोंचींत कोळी आणि दारांत दोन उघड्या चोंची! घरांत सर्वांनीं तें हातोहातीं पाहिलें. त्या कौतुकांत दोरा सोडावयाचा मात्र राहून गेला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतें तों घरटें फाटून लोंबत होतें, आणि माडावर कावळा ओरडत होता. पिलें कोणीं नेलीं तें मीं पाहिलें नाहीं. पण त्याला वाट कोणीं करून दिली, तें मला पुरतें ठाऊक होतें. मी झाडाखालीं मटकन् बसलें.

सासूबाई जवळ आल्या. त्यांनीं हलक्या हातानें दोरा सोडला. पानें आपल्या जागीं आलीं. त्या एवढेंच म्हणाल्या, "झाडाला हात लावण्यापूर्वीं त्याला विचारावें, असें माझ्या सासूबाई सांगत. मीहि अलीकडे विसरलेंच होतें गं!"

दुसऱ्या दिवसापासून परडींत निम्मींच फुलें येऊं लागलीं. मीहि आतां घरट्याजवळ कॅमेरा नेत नाहीं. फुलावर आलेला पक्षी दुरून टिपतें. पान आड आलें तर आडच राहूं देतें.

तें चित्र मीं भिंतीवर लावलेलें नाहीं. कपाटांत ठेविलें आहे. घरांतील मुलें कॅमेरा मागूं लागलीं, म्हणजे आधीं तें त्यांच्यापुढें ठेवतें आणि त्या दोऱ्याची गोष्ट सांगतें.