भाड्याचं चित्र

ॲमस्टरडॅममधल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकच गोष्ट अशी आहे, जिचं भाडं भरता भरता ती आमची होऊ शकते: हॉलमधलं चित्र.

इथे चित्रांची लायब्ररी असते. १९५५ साली पीटर कोइस्त्रा या चित्रकाराने ती याच शहरात सुरू केली. साध्या घरातल्या भिंतीवरही अस्सल चित्र लागावं आणि चित्रकाराच्या हातात चार पैसे पडावेत, हा हेतू. दरमहा वर्गणी भरायची, चित्र घरी न्यायचं, वाटलं तर बदलायचं. वर्गणीतला काही भाग आपल्या नावावर साठतो. चित्र विकत घ्यायचं ठरलं, की तेवढी रक्कम किमतीतून वजा.

आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "परतच द्यायचंय, तर भिंतीला खिळा कशाला ठोकलास गं?"

'दोन वर्षांत परत जाऊ' म्हणत आम्हाला इथे सात वर्षं झाली. काहीही घेताना प्रश्न एकच: जाताना याचं काय करायचं? म्हणून सोफा सेकंडहँड, टेबल घडीचं.

चित्रात करडं पाणी आहे आणि कोपऱ्यात एक पिवळी रेघ. निवड नवऱ्याची; मला ते उदास वाटलं होतं. मग डिसेंबर आला. साडेचारला अंधार. दिवा लावला की माझी नजर आधी त्या रेघेवर जायला लागली. गॅलरीत पाच मिनिटं उभं राहून हे कळलं नसतं.

परत जायची तारीख अजून ठरलेली नाही. चित्राचे उरलेले पैसे मात्र या महिन्यात भरतोय.